बालक केंद्रस्थानी, शिक्षक वाऱ्यावर

पुण्याला विद्येचे माहेरघर म्हणण्याची जुनी रीत आहे. हे माहेर नेमके कोणाचे, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. १८२१ साली कंपनी सरकारने विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. तिचा दरवाजा एका जातीपुरताच उघडा होता. १८४८ साली तेथून थोड्याच अंतरावर, बुधवार पेठेतील भिडेवाड्यात, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. शिक्षणाच्या या दोन परंपरा शहरात तेव्हापासून शेजारीशेजारी चालत आल्या आहेत. ज्यांना आधीच पुष्कळ मिळाले आहे त्यांच्या ओंजळीत आणखी घालणारी एक. आणि ज्यांच्या वाट्याला काहीच आले नाही त्यांच्या दाराशी जाणारी दुसरी. आज वर्गातील खडू-फळ्याच्या जागी प्रकाशमान पडदा आला आहे, मुलांच्या हाती टॅबलेट आले आहेत, आणि ‘विद्यार्थिकेंद्री शिक्षण’ हा शब्द शासकीय परिपत्रकांपासून खाजगी शाळांच्या जाहिरातफलकांपर्यंत सर्वत्र झळकतो आहे. हा नवा वर्ग या दोहोंपैकी कोणत्या परंपरेत बसतो, याचा निर्णय करण्याची वेळ आली आहे.

शब्द कोणाचा, कमाई कोणाची?

प्रथम एक गोष्ट स्वच्छपणे सांगितली पाहिजे. मूल हे रिकामे भांडे नाही, ते स्वतः ज्ञान रचते, त्याला प्रश्न विचारण्याचा, चुकण्याचा, आपल्या गतीने शिकण्याचा हक्क आहे, हा विचार संगणकाच्या व्यापाऱ्यांनी या देशाला दिलेला नाही. १९२० साली गिजुभाई बधेकांनी भावनगरला बालमंदिर काढले ते याच श्रद्धेने. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तो विचार १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर नेला. वारली मुले शाळेत येत नाहीत, कारण त्यांना गुरे राखावी लागतात, हे दिसताच या बायांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणात नेली. विद्यार्थी केंद्रस्थानी ठेवणे याचा खरा अर्थ कुरणशाळेत सापडतो. मुलाच्या जगण्याप्रमाणे शाळेने बदलायचे असते.

पुढे कोल्हापुरात १९८५ साली लीलाताई पाटील यांनी सृजन आनंद विद्यालय काढले, पुण्यात १९९२ साली अक्षरनंदन उभे राहिले. १९९३ साली प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने दप्तराच्या ओझ्याहूनही न समजण्याचे ओझे जड असते, हे देशापुढे मांडले. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने हा विचार स्वीकारला, आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने कलम २९ मध्ये त्याला कायद्याचे रूप दिले: शिक्षण बालककेंद्री असावे, कृतीतून आणि शोधातून व्हावे, मूल भयमुक्त असावे. महाराष्ट्रातही सातारा तालुक्यातील कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावाद प्रत्यक्षात उतरवून दाखविला आणि राज्यभरचे शिक्षक त्या शाळा पाहण्यास गेले. तेथे मुख्य साधने होती खडू, खडे, काड्या, रंगविलेली फरशी आणि विचार करणारे शिक्षक.

ही सारी कमाई शिक्षकांची आणि शिक्षणाच्या चळवळीची आहे. आज ती ज्या बाजारात विकायला मांडली जात आहे, त्या बाजाराचा तिच्यावर काडीचाही हक्क नाही.

बालककेंद्री वर्गाचा खर्च

या पद्धतीचा एक आर्थिक अर्थ आहे आणि तो जाणूनबुजून झाकला जातो. घोकंपट्टीचा वर्ग स्वस्त असतो. एक मास्तर साठ मुलांपुढे उभा राहून धडा वाचू शकतो. साठांपैकी कोणाला समजले, कोणाला नाही, याची चौकशी करण्याचे त्याच्यावर बंधन नसते. परंतु प्रत्येक मुलाने प्रश्न विचारावा असे म्हटले, की तो प्रश्न ऐकणारे माणूस लागते. मूल कुठे अडले हे पाहण्यासाठी त्याच्या शेजारी बसावे लागते. बालककेंद्री शिक्षण म्हणजे अधिक शिक्षक, लहान वर्ग, शिक्षकाला तयारीसाठी मोकळा वेळ, आणि उद्याच्या भाकरीची चिंता नसलेले त्याचे मन. म्हणूनच शिक्षणहक्क कायद्याने बालककेंद्री पद्धतीबरोबरच प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण घालून दिले. या दोन तरतुदी एकमेकींपासून तोडता येत नाहीत.

राज्यकर्त्यांनी नेमके हेच तोडकाम केले. पहिली तरतूद भाषणासाठी ठेवली, दुसरी वाऱ्यावर सोडली. २००० साली महाराष्ट्रात शिक्षणसेवक योजना आली आणि नव्या शिक्षकाची पहिली तीन वर्षे मानधनावर गेली. २०२३ च्या प्रारंभापर्यंत प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन महिना ६,००० रुपये होते. त्यानंतर ते १६,००० झाले. पुण्यासारख्या शहरात या रकमेत खोलीचे भाडे देऊन माणसाने काय खावे, याचा हिशेब कोणत्या शैक्षणिक धोरणात मांडलेला नाही. २०१२ पासून शिक्षकभरतीला खीळ बसली. त्यानंतर २०१७ आणि २०२३ साली अभियोग्यता चाचण्या झाल्या, पवित्र नावाचे पोर्टल आले, आणि पात्रताधारक तरुण-तरुणी वर्षानुवर्षे याद्यांची वाट पाहत वयाने वाढत राहिले. त्यातील कित्येकांनी पुण्यातील शिक्षण आयुक्तालयाच्या दारात आंदोलने केली. एकीकडे शिकविण्यास सज्ज असलेली माणसे रस्त्यावर, आणि दुसरीकडे शिक्षकाविना वर्ग. या दोहोंच्या मधली पोकळी पडद्याने भरून काढायची, हे आजच्या ‘आधुनिक वर्गा’चे अर्थशास्त्र आहे.

पडदा एकदाच विकत घ्यावा लागतो, तो निवृत्तिवेतन मागत नाही, संघटना करीत नाही, संपावर जात नाही. निविदा काढता येते, उद्घाटन करता येते, छायाचित्र छापता येते. शिक्षकाची रिक्त जागा भरल्याचे उद्घाटन होत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने काढलेल्या दत्तक शाळा योजनेत हे तर्कशास्त्र उघडे पडले. अ आणि ब वर्गाच्या महापालिकांच्या क्षेत्रात पाच वर्षांसाठी २ कोटी किंवा दहा वर्षांसाठी ३ कोटी रुपये मूल्याच्या वस्तू व सेवा देणाऱ्याला आपल्या पसंतीचे नाव शाळेला जोडण्याची मुभा मिळाली. दाता इमारत रंगवील, संगणक देईल, पडदा बसवील. शिक्षकाच्या आयुष्यभराच्या वेतनाची हमी मात्र कोणताही दाता देणार नाही. ती शासनालाच द्यावी लागते, आणि तीच तर त्याला टाळायची आहे.

झिरपण्याचा जुना सिद्धांत, नवा पडदा

पुणे शहराचेच उदाहरण घ्यावे. जानेवारी २०१६ मध्ये पुण्याची स्मार्ट सिटीसाठी निवड झाली आणि औंध, बाणेर, बालेवाडीच्या पट्ट्यावर पैसा व कल्पकता ओतली गेली. महापालिकेने शिवदर्शन परिसरात राजीव गांधी यांच्या नावाची ई-लर्निंग शाळा उभारली, ती नावाजलीही. एखादी शाळा चांगली होण्याला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु एक आदर्श शाळा दाखवायची आणि येरवडा, जनता वसाहत, ताडीवाला रस्ता, भवानी पेठ येथील शेकडो वर्गांविषयी मौन पाळायचे, या धोरणाला काय म्हणावे? जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्यात याच वृत्तीवर बोट ठेवले होते. सरकारचा महसूल कष्टकऱ्यांच्या घामातून येतो, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. वरच्यांना दिलेली विद्या आपोआप खाली झिरपेल, अशी सरकारची समजूत. ती झिरपली नाही. आज विद्येच्या जागी तंत्रज्ञान आले आहे, झिरपण्याचा सिद्धांत तोच राहिला आहे.

या सिद्धांताची परीक्षा कोरोनाच्या काळात झाली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. शाळा बंद असल्या तरी शिक्षण सुरू आहे, अशी घोषणा शासनाने दिली. पुणे शहरात पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१ पर्यंत उघडले नाहीत. या एकवीस महिन्यांत बंगल्यातील मुलाला स्वतंत्र खोली, स्वतंत्र संगणक आणि शेजारी बसणारी सुशिक्षित आई मिळाली. पत्र्याच्या खोलीतील मुलाच्या घरी एक फोन असेल तर तो बापाबरोबर कामावर जात होता, आणि संध्याकाळी परत आला तरी त्यात पैसे भरलेले नसत. पहिलीत दाखल झालेले लेकरू वर्गाचे तोंड न पाहता दुसरीत गेले. शिकणे ही केवळ मजकूर पोहोचविण्याची क्रिया असती, तर त्या एकवीस महिन्यांत काहीच बिघडले नसते. जे बिघडले त्यावरून शिक्षक म्हणजे काय हे देशाला कळायला हवे होते.

ग्रामीण भारताविषयीच्या २०२४ च्या ‘असर’ अहवालाने आणखी एक गोष्ट दाखविली आहे. चौदा ते सोळा वयोगटातील जवळजवळ नव्वद टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. मागील आठवड्यात त्याचा उपयोग अभ्यासासाठी केल्याचे ५७ टक्के मुलांनी सांगितले, समाजमाध्यमांसाठी केल्याचे ७६ टक्के मुलांनी. यंत्र घरात पोहोचले म्हणजे शिक्षण पोहोचले, असे मानणाऱ्यांनी हे आकडे डोळ्यांपुढे ठेवावेत.

यंत्र कोणाच्या हाती?

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो गंभीरपणे विचारात घेतला पाहिजे. समाजवादी मंडळी यंत्राला घाबरतात, काळाला मागे खेचू पाहतात, असे म्हटले जाईल. वस्तुतः यंत्राशी समाजवाद्यांचे वैर कधीच नव्हते. यंत्राच्या मालकीविषयी त्यांचे भांडण आहे. अंध मुलाला मजकूर वाचून दाखविणारे साधन, भूगोलाच्या तासाला ज्वालामुखीचे दर्शन, गणिताचा कंटाळवाणा सराव खेळात बदलणारी आज्ञावली, या गोष्टी महापालिकेच्या मुलाला मिळाल्याच पाहिजेत. तो त्याचा हक्क आहे.

महाराष्ट्रात तंत्रज्ञानाचा जो उपयोग खऱ्या अर्थाने मुलांपर्यंत गेला, तो कोठून आला हेही पाहावे. पाठ्यपुस्तकातील पानावर क्यूआर कोड छापण्याची कल्पना सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी राबविली. सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीने तिचा स्वीकार केला, आणि २०२० साली डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातील जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा पट घटून बंद पडण्याच्या बेतात होती. मुलांनी मुलांना शिकवावे, एकमेकांचे विषयमित्र व्हावे, या पद्धतीने ती पुन्हा उभी राहिली आणि २०२५ साली जगातील उत्कृष्ट शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळवून गेली. या दोन्ही ठिकाणी आधी शिक्षक होता, गाव होते. यंत्र त्यांच्यामागून आले आणि त्यांच्या हुकमात राहिले. निविदेतून आलेल्या पडद्याने असा चमत्कार कोठे केला आहे, हे त्याच्या पुरस्कर्त्यांनी सांगावे.

यंत्र मालकाच्या हुकमात राहिले म्हणजे काय होते, हेही देशाने पाहिले. २०११ साली स्थापन झालेल्या बायजूज या कंपनीचे बाजारमूल्य २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलरपर्यंत चढले. मध्यमवर्गीय आईबापांच्या मनातील भीती हे तिचे भांडवल होते. जुलै २०२४ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. गल्लीतील शाळा अशी एका रात्रीत बुडत नाही. आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा खाजगी शिक्षक प्रत्येक मुलाच्या खिशात देण्याचे वचन दिले जात आहे. वचन देणारे बदलले, तरी वचनाचा साचा जुनाच आहे.

शिवाय यंत्र मुलाला शिकविते तसे ते मुलावर पाळतही ठेवते. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२२ साली ४९ देशांच्या सरकारांनी पुरस्कारलेली शैक्षणिक साधने तपासली. त्यांतील ८९ टक्के साधने मुलांच्या माहितीला धोका पोहोचविणारी आढळली, आणि त्या यादीत भारत सरकारचे दीक्षा ॲपही होते. महाराष्ट्रात २०१५ च्या सरल प्रणालीपासून शिक्षकाचा वेळ माहिती भरण्यात जाऊ लागला. पुढे २०२२-२३ च्या संचमान्यतेसाठी आधार क्रमांक वैध ठरलेल्या मुलांचाच पट धरण्याचे धोरण आले. याचा अर्थ असा, की बाकावर बसलेले, हजेरीला ‘उपस्थित’ म्हणणारे मूल यंत्राला दिसले नाही तर ते नाहीच. आणि ते नाही म्हणून त्याच्या वाट्याचा शिक्षकही नाही. बिगारीच्या कामासाठी शहरोशहरी फिरणाऱ्या आईबापांचीच मुले या चाळणीतून खाली पडतात. बालक केंद्रस्थानी ठेवल्याची याहून क्रूर थट्टा कोणती असेल?

चळवळीचे अपुरे काम

सत्ताधाऱ्यांना धारेवर धरताना पुरोगामी चळवळीनेही आपल्या वर्तनाचा हिशेब दिला पाहिजे. प्रयोगशील शाळा निघाल्या, वाढल्या, गाजल्या. त्यांच्या संस्थापकांची तळमळ वादातीत आहे. परंतु पुण्यात त्यांचा लाभ मुख्यतः कोणाला झाला? सुशिक्षित, जागरूक, बहुतांशी पांढरपेशा कुटुंबांना. कार्यकर्त्यांनी आपली मुले तेथे अथवा इंग्रजी शाळांत घातली आणि महापालिकेची शाळा ही ‘त्यांची’ शाळा झाली. ज्या दिवशी बोलका मध्यमवर्ग सार्वजनिक शाळेतून बाहेर पडला, त्या दिवशी तिच्या वर्गातील गळक्या छपराला वाली उरला नाही.

कोठारी आयोगाने १९६६ साली समान शाळापद्धतीची आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्चण्याची शिफारस केली होती. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांनी पुढे पुण्यातच, कोथरूडच्या भारतीय शिक्षण संस्थेत, आयुष्याची अखेरची वर्षे गरिबांच्या शिक्षणासाठी वेचली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहा टक्क्यांचा तो आकडा पुन्हा एकदा उच्चारला. समान शाळेचे नाव मात्र कोणी काढीत नाही. समाजवाद्यांनीही ती मागणी जाहीरनाम्याच्या शेवटच्या पानावर नेऊन ठेवली. शिक्षक संघटनांनी मार्च २०२३ च्या संपात जुन्या निवृत्तिवेतनाची न्याय्य मागणी लढविली, परंतु वर्गातील शिक्षणाचा प्रश्न त्यांच्या फलकांवर क्वचितच आला. साहजिकच वस्तीतील पालक त्या लढ्याकडे तटस्थपणे पाहत राहिले. शिक्षक आणि पालक यांची ही फारकत राज्यकर्त्यांच्या पथ्यावर पडते.

संघटित पालक काय करू शकतात, याचा पुरावा ताजा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने अधिसूचना काढून, एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळांना पंचवीस टक्के राखीव प्रवेशांतून सूट दिली. पालक व संघटना न्यायालयात गेल्या, आणि जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द ठरविली. हा विजय मोलाचा आहे. परंतु पंचवीस टक्के मुले खाजगी शाळेत पाठविण्याचा हक्क राखणे आणि उरलेल्या मुलांची सार्वजनिक शाळा तितकीच चांगली करणे, या दोन लढाया एकत्र लढविल्या नाहीत, तर पहिली दुसरीला मारक ठरेल.

करावयाचे काम

मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. शाळांविषयीचे निर्णय या काळात लोकांना विचारून झाले नाहीत. म्हणून काम वस्तीपासून सुरू करावे लागेल. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ नुसार प्रत्येक शासकीय व अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असणे बंधनकारक आहे. बहुतेक ठिकाणी ही समिती सह्यांपुरती उरली आहे. घरकाम करणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या, हमाली करणाऱ्या संघटित पालकांनी या समित्या ताब्यात घेतल्या पाहिजेत, आणि कार्यकर्त्यांनी त्यांच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे.

समितीच्या बैठकीत चार प्रश्न विचारावेत. या शाळेत कायद्याप्रमाणे किती शिक्षक हवेत, किती आहेत, आणि त्यांतील कायम किती? यंत्रांवर किती पैसा खर्च झाला, आणि त्यातील किती यंत्रे आज चालू आहेत? मुलांची माहिती कोणत्या कंपनीकडे जाते, आणि कोणाच्या परवानगीने? वर्गात बोलणारे कोण आहे: शिक्षक, पडदा की मूल? या प्रश्नांची उत्तरे शाळेच्या भिंतीवर लिहून लावावीत आणि प्रभागाप्रभागांतील उत्तरे एकत्र करून महापालिकेच्या अंदाजपत्रकाच्या वेळी सभागृहाच्या दारात न्यावीत. मागणी एकच असावी: आधी शिक्षकाची जागा, मग पडद्याची निविदा, आणि जे यंत्र येईल ते सार्वजनिक मालकीचे, मराठीत चालणारे, शिक्षकाच्या हुकमातले.

भिडेवाड्याची जीर्ण इमारत डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आली. तेथे राष्ट्रीय स्मारक व्हावयाचे आहे. स्मारक अवश्य व्हावे. परंतु फुले दांपत्याने त्या वाड्यात माणसे पाठविली होती, सामान पाठविले नव्हते. सावित्रीबाई स्वतः शिकल्या, शिक्षिका झाल्या, अंगावर शेणमाती झेलीत रोज वर्गापर्यंत चालत गेल्या. त्यांच्या शहरात आज एखाद्या वस्तीतील मुलगी हात वर करून प्रश्न विचारते, तेव्हा तो ऐकणारी बाई वर्गात असलीच पाहिजे. तिची नेमणूक करून घेणे हे या वर्षाचे काम आहे, आणि ते शाळेच्या पुढच्या समिती-बैठकीपासून सुरू करता येते.